मुक्त संगणक प्रणालीची मराठी मार्गदर्शिका

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या श्रीक्षेत्र नृसिंहवाडीस पावसाळा हा केवळ ऋतू नसतो. कृष्णेचे पाणी चढू लागले की ते घाटाच्या पायऱ्या गिळीत मंदिरात येते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील द्वाराने बाहेर पडते. या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानासाठी दूरदूरचे भाविक येतात. त्यांत कर्नाटकातून येणारे पुष्कळ. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामी मंदिरात नेली जाते. पाणी कोणत्या पायरीस लागल्यावर काय हलवावयाचे आणि कोणी, हे तेथील मंडळींना विचारावे लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ती एक अलिखित मार्गदर्शिकाच होय, आणि दरसाल वापरात असल्यामुळे ती कधी जुनी होत नाही.

लिखित मार्गदर्शिकेचे भाग्य मात्र असे नसते. याचा अनुभव प्रस्तुत लेखकास याच परिसरात आला, आणि तोच या लेखाचे निमित्त आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या महापुराने शिरोळ तालुक्याची दैना उडविली, हे वाचकांस स्मरत असेलच. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. एका गावी पंचनाम्यांच्या याद्या ज्या संगणकावर नोंदविल्या जात होत्या, तो लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणारा होता. वीज वारंवार जात होती, आणि एके सकाळी संगणकाने साठवण-तबकडीच्या एका भागात विसंगती असल्याची तक्रार केली. तेथील तरुण संगणकचालकाजवळ मराठी सूचनांचे एक पत्रक होते. दुरुस्तीची आज्ञा कोणती द्यावी, हे त्यात नीट लिहिले होते. ‘विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना होकार द्यावा’ असेही होते. शेवटच्या ओळीत एक इशारा होता: ‘आरूढ अवस्थेतील धारिका-व्यवस्थेवर ही क्रिया वर्ज्य समजावी.’ तरुणाने आज्ञा दिली. पडद्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना उमटली आणि पुढे जावयाचे काय, असा प्रश्न आला. पत्रकात होकार द्यावा असे होते. त्याने होकार दिला. यादीचा बराचसा भाग गेला, आणि कागदी पंचनाम्यांवरून तो पुन्हा भरण्यास तीन रात्री लागल्या. ज्यांच्या घरात अजून चिखल होता अशा कुटुंबांची नावे तेवढे दिवस यादीबाहेर राहिली.

“साहेब, ते आरूढ म्हंजे काय वो?” त्याने मागाहून विचारले. “घोड्यावर बसल्यागत?”

ते पत्रक दोन वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकानेच अनुवादिले होते. कला शाखेच्या पदवीधरास ‘आरूढ’ हा शब्द सुचल्याचा त्या वेळी थोडा अभिमानही वाटला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

मूळ इंग्रजी शब्द ‘माऊंट’ असा आहे. पूर्वी चुंबकीय फीत अथवा तबकडी यंत्रावर हाताने चढवावी लागे, तेव्हापासून तो रूढ झाला. तबकडीचा एखादा भाग वापरण्यापूर्वी संगणकप्रणाली तो आपल्या धारिकांच्या वृक्षास जोडून घेते. जोडलेला असताना त्या भागात सतत वाचन-लेखन चालू असते. अशा वेळी दुरुस्तीची आज्ञा दिली तर दोन हात एकाच वहीत एकाच वेळी लिहू लागतात. म्हणून तो भाग आधी सोडवावा लागतो. एवढी साधी गोष्ट ‘जोडलेला’ आणि ‘सोडवा’ या दोन शब्दांत सांगता आली असती.

मुक्त म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र आणि त्यावर काम करणारा माणूस यांच्यामध्ये जी मूलभूत आज्ञावली असते तिला संचालन प्रणाली म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या काही प्रणालींची घडण गुप्त ठेवलेली असते. मुक्त प्रणालीची घडण कोणासही पाहता येते, बदलता येते, बदलून इतरांस देता येते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ या नावाने अशी प्रणाली उभारण्याची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा उणा असलेला गाभा लिहिला, तोच लिनक्स. १९९३ मध्ये डेबियन हा स्वयंसेवकांचा प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडे प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांना सामावून घेणारी प्रणाली प्रसृत केली. तिचा पायाही डेबियनचाच आहे. शासकीय कामात मुक्त प्रणालींना प्राधान्य द्यावे असे धोरण केंद्र शासनाने २०१५ मध्ये जाहीर केले.

इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाने मोकळे आणि फुकट असे दोन्ही अर्थ निघतात, आणि त्यावर तिकडे बराच खुलासा करीत बसावे लागते. मराठीत ‘मुक्त’ वेगळे आणि ‘मोफत’ वेगळे, त्यामुळे ही अडचण आपल्याला नाही. भाषांतर करणाऱ्याच्या वाट्यास असे सुखाचे क्षण थोडेच येतात, म्हणून नोंदविले.

प्रणाली मुक्त असली तरी तिच्याविषयीचे लिखाण मुक्त असेलच असे नाही. यंत्राबरोबर मार्गदर्शिका असावी ही रीत जुनी आहे. लिनक्सचे पूर्वरूप असलेल्या युनिक्स प्रणालीची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ रोजी निघाली, आणि प्रत्येक आज्ञेस एक पान ही तिची मांडणी आजही टिकून आहे. परंतु प्रणालीत बदल करण्याचा अधिकार आहे आणि मार्गदर्शिकेत नाही, अशी स्थिती असेल तर दोहोंची ताटातूट होणार हे ओघानेच आले. म्हणून ग्नू प्रकल्पाने मार्गदर्शिकांसाठी २००० साली स्वतंत्र मुक्त परवाना तयार केला. त्यात काही भाग अपरिवर्तनीय म्हणून राखून ठेवण्याची सोय होती. डेबियनच्या सभासदांनी २००६ मध्ये मतदान घेऊन ठरविले की, असे भाग असलेले पुस्तक आपल्या व्याख्येत मुक्त बसत नाही. तत्त्वासाठी मित्रांशीही वाद घालण्याची ही वृत्ती मराठी वाचकास अपरिचित वाटू नये.

लिखाण जपणे आणि बदलणे यांतील ताण वाडीच्या परिसरात तरी नवा नाही. सोळाव्या शतकात सरस्वती गंगाधरांनी गुरुचरित्र लिहिले. त्यांची घरची भाषा कानडी, ग्रंथ मात्र मराठी. पुढे हातांनी उतरविलेल्या प्रतींतून पाठभेद शिरले, अध्यायांच्या संख्येतही फरक पडला, आणि रामचंद्र कृष्ण कामत यांना हस्तलिखिते ताडून संशोधित आवृत्ती सिद्ध करावी लागली. वाडीशी ज्यांचा निकटचा संबंध होता त्या वासुदेवानंद सरस्वतींनी त्याच ग्रंथास संस्कृत रूप दिले. प्रती ताडणे, कोणता पाठ कोठून आला ते नोंदविणे, एका भाषेतून दुसरीत नेणे ही कामे संगणकामुळे जन्मास आलेली नाहीत. फरक आहे तो वेगाचा. पोथीचा मूळ पाठ स्थिर असतो. संगणकप्रणालीचा मूळ पाठ सहा महिन्यांनी, कधी सहा दिवसांनी बदलतो.

अनुवादकाच्या टेबलावर

सर्वसामान्य समजूत अशी की, अनुवादकापुढे एक पुस्तक असते आणि तो ते पहिल्या पानापासून भाषांतरित करीत जातो. मुक्त प्रणालींच्या बाबतीत तसे घडत नाही. पडद्यावर दिसणारी प्रत्येक सूचना आणि मार्गदर्शिकेतील प्रत्येक परिच्छेद सुटा करून एका लांबलचक यादीत मांडला जातो. वर मूळ इंग्रजी मजकूर, खाली मराठीसाठी रिकामी जागा. १९९५ च्या सुमारास ग्नू प्रकल्पात तयार झालेल्या ‘गेटटेक्स्ट’ या साधनाने ही पद्धत सर्वत्र रूढ केली. अनुवादक सांगलीत असो, पुण्यात असो वा परदेशात, यादीतील काही भाग तो भरतो, दुसरा कोणी तपासतो, आणि पुढच्या आवृत्तीबरोबर तो मजकूर सर्वांच्या संगणकांवर पोहोचतो.

या सुट्या वाक्यांनीच मराठीपुरत्या मोठ्या अडचणी उभ्या केल्या. इंग्रजी वाक्यात एखाद्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि एक अक्षर असते. तेथे आयत्या वेळी संगणक कोणते तरी नाव घालतो. ‘अमुक काढून टाकले’ अशी ती सूचना असेल. ते अमुक काय असेल, हे अनुवादकास ठाऊक नसते. फाईल असेल तर ‘काढून टाकली’, फोल्डर असेल तर ‘काढून टाकला’, चित्र असेल तर ‘काढून टाकले’. इंग्रजीच्या कर्त्याला तीन लिंगांची फिकीर नाही. मग मराठी अनुवादक वाक्यच फिरवितो आणि ‘अमुक काढून टाकण्यात यश आले’ असे काहीतरी लिहितो. वाक्य थोडे सरकारी होते खरे, पण व्याकरण शाबूत राहते.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. ‘कोल्हापूर’ला ‘त’ लागला की ‘कोल्हापुरात’ होते, ‘संचिका’चे ‘संचिकेत’, ‘वाडी’चे ‘वाडीत’. रिकाम्या जागी नाव घालताना संगणक हे रूपांतर करू शकत नाही. त्याला प्रत्यय तसाच चिकटवावा लागतो आणि ‘संचिकात’ असे भलतेच रूप तयार होते. यावर अनुवादकांनी शोधलेला उपाय म्हणजे नावाभोवती अवतरणचिन्हे देऊन पुढे ‘येथे’ अथवा ‘या ठिकाणी’ लिहिणे. उपाय सुरेख नाही, पण चालतो. संख्येच्या बाबतीत मात्र सोय आहे. एकवचन आणि अनेकवचन यांसाठी दोन निरनिराळी वाक्ये देण्याची जागा यादीतच ठेवलेली असते, आणि रशियन वा अरबीसारख्या भाषांना त्याहून अधिक जागा मिळतात.

तिसरी गोष्ट वरकरणी क्षुल्लक वाटेल. इंग्रजीत ‘ओपन’ हा शब्द एकटाच दिसला तर ती आज्ञा आहे की अवस्था? मराठीत आज्ञा ‘उघडा’ अशी होते; पण ‘उघडा’ हे विशेषणही आहे आणि त्याचा अर्थ सभ्य समाजात निराळा होतो. शिवाय आज्ञा कोणी कोणास द्यावयाची? माणसाने संगणकास दिली तर ‘उघड’, संगणकाने माणसास सुचविली तर ‘उघडा’. मराठी अनुवादांत सर्वत्र आदरार्थी रूप रूढ झाले आहे, आणि ते योग्यच झाले. पत्रके लिहिणारे आम्ही लोक ‘उघडावे’, ‘करण्यात यावे’ अशा विध्यर्थी रूपांकडे झुकतो. ती रूपे परिपत्रकात शोभतात. पुराच्या रात्री कंदिलाच्या उजेडात वाचावयाच्या सूचनेत शोभत नाहीत.

अक्षरांचा प्रश्न याच्याही आधीचा. देवनागरी लिपी युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत पहिल्यापासून होती, तरी मराठीला लागणारे ‘ॲ’ हे अक्षर तीत स्वतंत्रपणे २००८ मध्ये दाखल झाले. तोवर ‘अ’ वर चंद्र जोडून काम भागविले जाई. दिसावयास दोन्ही सारखी. संगणकाच्या लेखी मात्र ती निरनिराळी अक्षरे. त्यामुळे एकाने एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही, आणि वाचकाला वाटते की मार्गदर्शिकेत त्याविषयी काही नाहीच. ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’ यांतील अर्ध्या रफाराचीही अशीच कहाणी आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यामुळे अक्षरांच्या आकारांबाबत एक अधिकृत आधार मिळाला. अक्षरांच्या संचांपैकी ‘लोहित’ या मुक्त संचाचा उल्लेख करावयास हवा. तो रेड हॅट या कंपनीने सर्वांसाठी खुला केला, आणि लोहित म्हणजे लाल, हे संस्कृत जाणणाऱ्यांच्या लक्षात येईलच.

शब्द कोणाचे?

परिभाषेचा प्रश्न निघाला की महाराष्ट्रात दोन पक्ष पडतात. शिवकालात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला, तेव्हापासून हा वाद चालू असावा. राज्यनिर्मितीनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. पुढे निघालेल्या पदनाम कोशास त्या काळी ‘बदनाम कोश’ म्हणून हिणविले गेले. तरी ‘जिल्हाधिकारी’, ‘सचिव’, ‘अभियंता’ हे शब्द आज शाळकरी मुलाच्याही तोंडी आहेत. १९७३ चा शासन व्यवहार कोश आजही अनेक कार्यालयांत हाताशी असतो. नवे शब्द रुळत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी ‘संगणक’ या शब्दाकडे पाहावे.

परंतु रुळण्यास दोन गोष्टी लागतात: शब्द सर्वत्र एकच असणे, आणि तो पुन्हा पुन्हा कानावर पडणे. मुक्त प्रणालींच्या प्रारंभीच्या मराठी अनुवादांत नेमकी एकवाक्यतेचीच वाण होती. ‘फाईल’साठी एका ठिकाणी धारिका, दुसरीकडे संचिका, तिसरीकडे फाईल, ‘सेव्ह’साठी साठवा, जतन करा, संचयन करा. एकाच पडद्यावरील दोन खिडक्यांत दोन शब्द दिसले की वाचणारा गोंधळतो आणि इंग्रजीकडे वळतो. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातून मराठीसह अनेक भारतीय भाषांतील अनुवादाचे काम चाले. तेथूनच २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा उपक्रम निघाला. संगणकाच्या पडद्यावर वारंवार येणारे पाचशेहून अधिक शब्द निवडून त्या त्या भाषेच्या अनुवादकांनी एकत्र बसून त्यांवर एकमत करावयाचे, अशी त्यामागील कल्पना. हिंदीपासून आरंभ झाला आणि मराठीसह इतर भाषा त्यात आल्या. शब्दांची यादीही मुक्त, म्हणजे कोणीही वापरावी, अशी ठेवली गेली.

प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर ते असे: जो शब्द चालक रोज उच्चारतो तो ठेवावा, आणि जेथे क्रिया समजावयास हवी तेथे मात्र मराठी क्रियापद वापरावे. ‘फाईल’ राहू द्यावी; ‘जोडा’, ‘सोडवा’, ‘पुसा’, ‘थांबवा’ हे मराठीतच असावे. ‘पासवर्ड’ला ‘परवलीचा शब्द’ हा जुन्या पहाऱ्यावरून आलेला प्रतिशब्द सुंदर आहे. पण दोन शब्दांची ती ओळ लहानशा चौकटीत बसत नाही आणि कडेला तुटते. अनुवादकास अशा इंचाइंचाचाही हिशेब ठेवावा लागतो.

जपणूक

अनुवाद पुरा झाला की काम संपले असे वाटते. वास्तविक ते तेव्हा सुरू होते. मूळ इंग्रजी परिच्छेदात एका शब्दाचा जरी फेर पडला तरी गेटटेक्स्ट जुन्या मराठी परिच्छेदावर ‘संदिग्ध’ अशी खूण करते. ती खूण माणसाने तपासून काढीपर्यंत प्रणाली तो मराठी मजकूर दाखवीतच नाही. त्या जागी इंग्रजी दाखविते. पहिल्यांदा हे कळले तेव्हा फार कठोर वाटले. एवढे कष्टाने केलेले भाषांतर एका स्वल्पविरामासाठी बाजूला ठेवावयाचे? पण तो फेर स्वल्पविरामाचाच आहे की ‘नको’ या शब्दाचा, हे यंत्राला कळत नाही, आणि चुकीच्या मराठीपेक्षा बरोबर इंग्रजी कमी घातक, असा त्यामागील विचार आहे. आमच्या छापील पत्रकावर अशी खूण करणारे कोणी नव्हते.

डेबियन प्रकल्पात अनुवादित पानामागे ते मूळ पानाच्या कोणत्या आवृत्तीवरून केले आहे याची नोंद ठेवली जाते. मूळ पुढे गेले आणि अनुवाद मागे राहिला, की वाचकास पानावरच तशी सूचना दिसते. याच प्रकल्पाची पाचवी आवृत्ती फेब्रुवारी २००९ मध्ये निघाली तेव्हा तिची स्थापना करून देणारा कार्यक्रम ६३ भाषांत उपलब्ध होता, आणि नव्याने आलेल्या भाषांत मराठी होती. परंतु असे स्थान एकदा मिळाले की कायमचे, असे नाही. अनुवाद फार मागे पडला तर ती भाषा पुढील आवृत्तीच्या यादीतून गळते.

आणि मागे पडण्याची कारणे अगदी मानवी आहेत. आरंभीच्या उत्साहात दोन-चार तरुण काम अंगावर घेतात. मग नोकरी, बदली, लग्न. पगारी अनुवादक असला तर कंपनीचे धोरण बदलते. जे मागे राहते त्याची जबाबदारी कोणाची, हे कोठे लिहिलेले नसते. केरळात सार्वजनिक शाळांतून मुक्त प्रणाली शिकविली जाते, त्यामुळे मल्याळम भाषेच्या अनुवादाला हजारो वाचक आहेत. चूक झाली तर कोणी ना कोणी शिक्षक कळवितो. मराठीत अनुवाद आहेत, अनुवादकही आहेत. वाचक मात्र इंग्रजी पडदाच वापरतो, आणि म्हणून चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. हे दुष्टचक्र तोडावयाचे तर वापर वाढला पाहिजे, आणि वापर वाढावयाचा तर मजकूर विश्वसनीय पाहिजे.

या संदर्भात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम विशेष उल्लेखनीय वाटतो. लिनक्स व इतर मुक्त साधनांवरील सुमारे दहा-दहा मिनिटांचे बोलपट तेथे तयार होतात. पडद्यावरील कृती इंग्रजीतील, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. प्रत्येक पाठाची संहिता दोन स्तंभांत लिहितात: एकीकडे पडद्यावर काय दिसते, दुसरीकडे काय बोलावयाचे. मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा लांबले तर कृती पुढे जाते आणि आवाज मागे राहतो, म्हणून अनुवादकाला सेकंद मोजून लिहावे लागते. त्यातील एक नियम आम्ही पत्रके काढणाऱ्यांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. संहिता तयार झाल्यावर ती त्या विषयाचे ज्ञान नसलेल्या नवशिक्या माणसाकडून तपासून घेतली जाते. जेथे तो अडला, तेथे संहिता चुकली असे धरतात.

पुरानंतर आमचे पत्रक नव्याने लिहावयाचे ठरले, तेव्हा हाच मार्ग अवलंबिला. वाडीत एका बासुंदीच्या दुकानाच्या माडीवर त्या तरुण संगणकचालकास बसविले, एक जुना संगणक पुढे ठेवला आणि कच्चा मजकूर त्याच्या हाती दिला. प्रस्तुत लेखकाने तोंड उघडावयाचे नाही, अशी अट होती. ती पाळणे जड गेले. तो तीन ठिकाणी अडला. पहिल्या ठिकाणी ‘भाग’ म्हणजे तबकडीचा कोणता भाग हे त्याला कळेना, म्हणून त्या भागाचे नाव पडद्यावर कसे पाहावे ही नवी पायरी घालावी लागली. दुसऱ्या ठिकाणी ‘खात्री करून घ्यावी’ असे होते. “खात्री कशी करायची ते सांगा की साहेब,” तो म्हणाला, आणि म्हणणे रास्त होते. तिसऱ्या ठिकाणी तो अडला नाही, पण थांबला. ‘होकार द्यावा’ या शब्दांवर बोट ठेवून त्याने आमच्याकडे पाहिले.

नवे पत्रक एका पानाचे झाले. धोक्याची सूचना शेवटून उचलून पहिल्या ओळीत आली: ‘जोडलेला भाग आधी सोडवा. सोडविल्याशिवाय पुढची आज्ञा देऊ नका. पडद्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत इशारा आला तर नकार द्या आणि थांबा.’ वरच्या कोपऱ्यात प्रणालीची आवृत्ती आणि पत्रकाची तारीख घातली. तळाशी एक रिकामी चौकट ठेवली आणि तिच्यावर ‘बदल’ असे शीर्षक दिले.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढले. पुढे त्या गावी जाणे झाले तेव्हा पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून संगणकाच्या वर, छतालगत खिळ्याला अडकविलेले होते. मधल्या काळात प्रणालीची आवृत्ती बदलली होती. तिसरी पायरी बॉलपेनने खोडलेली होती, तिच्या बाजूला नवी आज्ञा लिहिली होती, आणि ‘बदल’ या चौकटीत तारीख आणि त्या संगणकचालकाची सही होती.